नकारामागचे मूल्य ओळखून आरोग्याचा उपाय लोकांपर्यंत कसा न्यावा

लसीकरण, विलगीकरण किंवा घरोघरची तपासणी यांपैकी कोणतेही काम अंगावर घेतलेल्या आशा सेविकेने किंवा स्वयंसेवकाने पहिली भेट केवळ ऐकून घेण्यासाठी राखून ठेवावी. नकार देणाऱ्याला अडाणी समजू नये, कारण बहुतेक वेळा तो स्वतःला मोलाचे वाटणारे काहीतरी जपत असतो.

याचे सर्वांत वेदनादायक उदाहरण पुण्याचे आहे. १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्ण वेगळे ठेवणे आवश्यकच होते; परंतु प्लेग समितीचा प्रमुख असलेला ब्रिटिश अधिकारी रँड याच्या अधिकाराखाली गोरे सोजीर स्वयंपाकघरात आणि देवघरात शिरले, स्त्रियांची तपासणी चारचौघांत झाली, आणि रोगाविरुद्धचा उपाय लोकांना परक्या सत्तेने घराच्या अब्रूवर घातलेला घाला वाटू लागला. २२ जून रोजी रँडवर गोळी झाडली गेली. त्याच साथीत सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करताना १० मार्च रोजी प्लेगनेच गेल्या आणि टिळकांनी शहरात प्लेगचे रुग्णालय उभे केले. रुग्णाला घराबाहेर हलवणे तेथेही होतेच, पण हलवणारे हात आपले होते. म्हणून उपायाचे शास्त्र न बदलता तो अमलात आणण्याची रीत बदलता येते का, हे आधी पाहावे.

“लस का नको?” असे विचारल्यास समोरचा बचावाला उभा राहतो, त्याऐवजी “यात तुम्हाला काय खटकते?” असे विचारावे. शरीराच्या शुद्धतेची किंवा मर्यादेची काळजी असेल, तर लशीत काय आहे ते स्पष्ट सांगावे, तपासणी आडोशाला आणि शक्यतो स्त्री कर्मचाऱ्याकडून करून घ्यावी. बळजबरी खटकत असेल, तर दिवस, वेळ आणि जागा त्यांना ठरवू द्यावी. अमेरिकेतील पालकांविषयी २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लशीबाबतची साशंकता शुद्धता आणि स्वातंत्र्य या मूल्यांशी जोडलेली आढळली. अशा पालकांपुढे केवळ रोगाची भीती घालून फारसे काही साधत नाही, असे मला वाटते.

सरकारवरील अविश्वासाला मात्र जुनी आठवण असू शकते. आणीबाणीतील सक्तीच्या नसबंदीनंतर उत्तर प्रदेशात पोलिओच्या थेंबांनी मुले वांझ होतात ही अफवा सहज रुजली, आणि ती दूर करण्यासाठी मौलवी, स्थानिक शिक्षक आणि वस्तीतल्याच बायका पुढे आल्या. नैसर्गिक (वन्य) विषाणूमुळे झालेल्या पोलिओचा भारतातील शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी आढळला.

पत्रकावर कोणत्याही पुढाऱ्याचे छायाचित्र छापू नये, अन्यथा विरोधी गटाची घरे पहिल्याच दिवशी हातची जातात. गावातील दोन्ही गटांच्या प्रमुखांनी एकाच सकाळी लस घ्यावी. नियम सरपंचाच्या घरापासून लागू करावा. ताप येण्याची शक्यता असेल तर ती आधीच सांगावी, दोन दिवसांनी विचारपूस करावी, आणि नकार दिलेल्या घरीही त्याच फेरीत जाऊन यावे.