पॉलिश झालं की लगेच वॅक्सचा डबा उघडू नका

पॉलिश मारून झालं की माणूस इतका दमलेला असतो ना, की समोरचं चकाचक बॉनेट बघून हात थेट वॅक्सच्या डब्याकडे जातो. मी पण हेच करायचो. गाडी काळी, दोन दिवस सोसायटीच्या पार्किंगमध्ये मशीन घेऊन घाम गाळला, स्वर्ल मार्क्स, म्हणजे उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे दिसणारे बारीक ओरखडे, एकदम गायब, वर वॅक्सचा हात दिला, शेजारचे काका पण विचारून गेले नवीन घेतली का काय म्हणून, आणि तीन-चारदा धुतल्यावर एक दिवस उन्हात बघतो तर तीच कोळिष्टकं परत बॉनेटवर हजर. तेव्हा वाटलं वॅक्सच भिकार निघालं. वॅक्स बिचारं बरं होतं, पॉलिशचं तेल पुसून काढायची मधली स्टेप मी खाल्ली होती.

आता होतं काय, की पॉलिशमध्ये नुसती घासायची पावडर नसते, मशीनचं पॅड नीट सरकावं म्हणून तेल असतं आणि काही पॉलिशमध्ये तर ओरखडे बुजवणारे फिलर पण टाकलेले असतात. तुम्ही कपड्याने कितीही पुसा, त्याचा एक पातळ थर पेंटवर राहतोच आणि तो बारीक ओरखड्यांत जाऊन बसतो. म्हणजे समोर जी चमक दिसतेय त्यातली खरी घासून आलेली किती आणि तेलाची किती, ते तुम्हाला कळायला मार्गच नाही. वरून वॅक्स लावलं तर ते पेंटला धरायच्या ऐवजी त्या तेलावर बसतं आणि लवकर निघून जातं. कार्नोबा वॅक्स, म्हणजे झाडापासून मिळणारं नैसर्गिक वॅक्स, त्यातल्या त्यात समजूतदार, थोडंफार तेल चालवून घेतं, पण सीलंट (वॅक्सच्या जागी लावायचा कृत्रिम लेप) किंवा सिरॅमिक कोटिंग (पेंटवर बसणारा कडक थर) लावणार असाल तर खालचा पेंट एकदम कोरडा ठणठणीत पाहिजे, तिथे सूट नाही.

तर हे तेल काढायला लागतं आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल. केमिकलच्या दुकानात 99 टक्केवालं मिळतं, ऑनलाइन पण मिळतं. 200 मिली आयपीए आणि 800 मिली डिस्टिल्ड वॉटर, झालं साधारण 20 टक्क्यांचं मिश्रण, एवढं पुरतं. 70 टक्केवालं मिळालं तर 300 मिली घ्या आणि 700 मिली पाणी. डिस्टिल्ड वॉटर म्हणजे बॅटरीत टॉप-अप करतात ते, गॅरेजवाल्याकडे मागताना पाणीच मागा, ॲसिड नको, दोन्ही कॅन सारखेच दिसतात. बोअरचं पाणी अजिबात वापरू नका, पांढरे डाग पडले की ते काढायला परत पॉलिशच.

जास्त स्ट्राँग केलं तर जास्त साफ होईल असं वाटतं, मलाही वाटायचं. पण जास्त कडक आयपीएने क्लिअरकोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, तात्पुरता फुगतो, मऊ पडतो, शिवाय ते इतकं भर्रकन उडतं की कपडा कोरडाच घासला जातो आणि आत्ताच काढलेल्या ओरखड्यांच्या जागी नवे पडतात. क्लिअरकोट असतोच किती, बऱ्याच गाड्यांवर 40-50 मायक्रॉनच्या आसपास, त्यातला थोडा तुम्ही पॉलिश करताना आधीच खाल्लेला असतो.

कोविडच्या वेळचं सॅनिटायझर घरात पडलंय ते वापरू का, हे हमखास विचारतात. नको. त्यात हात कोरडे पडू नयेत म्हणून ग्लिसरीन घालतात, म्हणजे एक चिकट थर काढायचा आणि दुसरा लावायचा. पेट्रोल, रॉकेल, थिनर तर लांबच ठेवा, आणि गाडीचा एखादा पार्ट गॅरेजमध्ये रंगवून घेतलेला असेल तर थिनरने तो रंगच उचलून येऊ शकतो. नुकताच रंगवला असेल तर त्या पार्टला वॅक्स पण इतक्यात नको, आतलं सॉल्व्हंट उडायला वेळ लागतो, किती थांबायचं ते पेंटरलाच विचारा, महिना-दोन महिने तो सांगेलच.

हे तेल पुसायची रेडीमेड लिक्विडं, म्हणजे पॅनल वाइप, पण मिळतात, कारप्रोचं इरेझर, ग्यॉनचं प्रेप वगैरे. खरं सांगायचं तर पाण्यात पातळ केलेलं आयपीए तेल विरघळवण्यात काही फार हुशार नाही, रेडीमेडवाले या कामासाठीच बनवलेले असतात आणि कपडा पण छान सरकतो. सिरॅमिक लावणार असाल तर तिथे पैसे वाचवू नका. साधं वॅक्स असेल तर घरचं मिश्रण बास.

पुसायला घेण्याआधी पॉलिशची पांढरी भुकटी झटकून घ्या. ती कुठे कुठे घुसते विचारू नका, पेट्रोलच्या झाकणाच्या फटीत, लोगोच्या मागे, नंबरप्लेटखाली, दाराच्या कडांना. मऊ पेंटब्रशने काढा. फारच झाली असेल तर सरळ शाम्पूने धुवा, फक्त वॉश अँड वॅक्सवाला शाम्पू नको, नाहीतर केलं काय आणि झालं काय.

आता प्रत्यक्ष पुसणं. गाडी सावलीत पाहिजे आणि पत्रा गार पाहिजे, मशीन फिरवलेलं असतं तर पत्रा गरम असतोच, हाताची पालथी बाजू लावून बघा आणि गरम लागला तर चहा पिऊन या. आयपीए पटकन पेट घेतं, त्यामुळे जवळपास कोणी सिगरेट ओढत नाही ना बघा आणि बंद गॅरेजमध्ये दार उघडं ठेवा. मग एकावेळी अर्धं दार, एवढाच भाग. दोन-तीन फवारे पत्र्यावर, दोन फवारे कपड्यावर, 300-350 जीएसएमचा (जीएसएम म्हणजे कापडाचं दर चौरस मीटरला ग्रॅममध्ये वजन) मऊ मायक्रोफायबर कपडा चार घड्या करून, नुसत्या हाताच्या वजनाने एका दिशेने पुसायचं, दाबायचं नाही, आणि लगेच दुसऱ्या कोरड्या कपड्याने फिनिश. कपड्याची बाजू सारखी बदलत राहा, नाहीतर एका दारावरचं तेल दुसऱ्या दाराला लावत बसाल. नागपूरच्या मे महिन्यात फवारा पुसायच्या आधीच उडून जातो, तिथे पहाटेच उरका, आणि कोकणात पावसाळ्यात उलटं, वाळतच नाही, तिथे दुसरा कपडा पुन्हा एकदा फिरवा.

तेल गेलं की हाताला कळतं. आधी कपडा लोण्यावरून सरकल्यासारखा जातो, नंतर किंचित अडतो, ब्रेक लागल्यासारखा. अडला की समजा झालं. जुन्या पद्मिनीसारख्या गाडीवर कपड्याला रंग लागला तर घाबरू नका, त्यांच्यावर क्लिअरकोट नसतो, थोडा रंग येणारच.

मग मोबाइलचा टॉर्च लावून तिरकं बघा. इथे बऱ्याच जणांचा मूड जातो, कारण पॉलिशनंतर न दिसलेले चार ओरखडे आता दिसतात. दिसले तर तेवढ्या भागात परत पॉलिश मारा आणि परत पुसा. कंटाळा आला असेल तर कार्नोबाच्या आधी ग्लेझचा, म्हणजे ओरखडे बुजवून लपवणाऱ्या क्रीमचा, हात फिरवून लपवा की, माझी काही हरकत नाही, पण मग ग्लेझनंतर आयपीए मारू नका आणि त्यावर सीलंट टिकेल अशी अपेक्षा पण ठेवू नका.

एकदा पुसलं की पत्र्याला बोट लावायचं नाही, बोटाचं तेल पण तेलच, मुलांना आणि त्या शेजारच्या काकांना जरा लांबच ठेवा. वॅक्स त्याच दिवशी लावून टाका. अंधार पडला आणि राहिलंच, तर वर कव्हर घालू नका, उघड्या पेंटवर कव्हर घासलं की परत ओरखडे, सकाळी आधी धूळ पाण्याने धुवून घ्या, नीट वाळवा, एक हलका वाइप मारा आणि मगच डबा उघडा.