लिंबोळी अर्क मारला, तरी अळी जिवंतच? या चुका टाळा

पहिल्या वर्षी सरकीवर, म्हणजे कपाशीवर, लिंबोळी अर्क मारला आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच अळ्या मोजायला रानात गेलो. सगळ्या टुणटुणीत. बांधावरच्या कडुलिंबाला चार शिव्या घातल्या. चूक मात्र माझीच होती. मी रासायनिक औषधाचा हिशोब लावत होतो.

लिंबोळीतलं अझाडिरॅक्टिन अळीला जागेवर पाडत नाही. तिची भूक मरते, कात नीट टाकता येत नाही, वाढ खुंटते. म्हणून मेलेल्या अळ्या शोधू नका, तीन-चार दिवसांनी शेंड्याची कोवळी पानं बघा. नवी भोकं दिसत नसतील तर अर्क लागू पडला. अंडी आणि बारक्या अळ्यांवर तो चालतो. बोटभर वाढलेल्या अळीवर मारून पैसा आणि दिवस दोन्ही जातात. गुलाबी बोंडअळी तर एकदा बोंडात शिरली की कुठलाच अर्क तिच्यापर्यंत पोहोचत नाही. पातं (कळी) आणि फूल लागतानाच कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे सापळे, लावा. सलग 3 दिवस एका सापळ्यात रोज 8 पतंग सापडले तर लिंबोळीच्या भरवशावर राहू नका, कृषी विद्यापीठाची शिफारस बघून पुढचं ठरवा.

आता अर्काचं. बरेच जण कडुलिंबाचा पाला उकळतात. खरा जोर बियांत असतो, पाल्यात थोडाच, आणि उकळून तोही जातो. 5 टक्के अर्कासाठी वाळलेल्या लिंबोळ्यांची 5 किलो भरड रात्रभर 9-10 लिटर पाण्यात भिजवा. सकाळी फडक्यातून दोनदा गाळून पिळून घ्या. अर्क कमी भरला तर पाणी घालून 10 लिटर करा, त्यात 200 ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवा आणि एकूण 100 लिटर करा. म्हणजे 20 लिटरच्या पंपाला 2 लिटर अर्क. उरला तर उद्यासाठी ठेवू नका, त्याच दिवशी संपवा.

लिंबोळ्या उन्हात पत्र्यावर वाळवल्या, ओलसर असतानाच प्लास्टिकच्या पोत्यात भरल्या की बुरशी धरते. काळ्या पडलेल्या फेकून द्या. सावलीत वाळवा, गोणपाटात ठेवा.

आपल्याकडे बऱ्याच बोअरचं पाणी जड, खारवट. साबण फाटतो, फेस येत नाही, आणि पाणी अल्कधर्मी असेल तर अझाडिरॅक्टिनही लवकर निकामी होतं. बादलीभर पाण्यात साबण घोळून बघा, फेस धरत नसेल तर शेततळ्याचं पाणी वापरा.

दुपारी फवारू नका, उन्हात अर्काचा दम जातो. चारनंतर निघा, मधमाश्याही तोवर कमी झालेल्या असतात.

"जरा तंबाखू टाक, कडक होईल" असं सांगणारा प्रत्येक गावात एक असतोच. ऐकू नका. निकोटिन कातडीतून अंगात भिनतं आणि मिरची-टोमॅटोवर तंबाखूतून विषाणूजन्य रोग यायची भीती. दहा झाडांच्या पाल्याच्या दशपर्णी अर्कात कण्हेर पडते, तीही विषारीच. घरचं औषध म्हणून हातमोजे आणि तोंडावरचा रुमाल विसरायचा नाही.

मावा, तुडतुडे, फुलकिडे पानाच्या खाली बसतात. वरून झाड धुऊन काढलं तरी त्यांना काही होत नाही. नोझल खालून वर धरा. ते चोंदलं तर तोंडाने फुंकू नका, पंपाला जुना टूथब्रश बांधून ठेवा.