घाबरट पिल्लू घरी आलंय? आधी त्याची भीती घालवा, मग शी-शूची सवय लावा

कुत्र्याचं पिल्लू घरी आलं की पहिल्या तासाभरातच सगळ्यांचा एकच प्रश्न, की याला शी-शू कुठे करायची ते कसं शिकवायचं. पण ते जर शेपूट पायांत घालून कोपऱ्यात बसलं असेल, कान मागे, सारखी जीभ फिरवतंय, झोप नसताना जांभया देतंय, तर आधी त्याच्या भीतीकडे बघा. घाबरलेलं पिल्लू बाहेर नेलं तरी सू करत नाही, दाबून धरतं, आणि घरात आल्या आल्या गादीवर करतं, मग आपल्याला वाटतं मुद्दाम केलं. मुद्दाम नाही हो, जिथे जरा सुरक्षित वाटलं तिथे केलं बिचाऱ्याने.

पहिले दोन-तीन दिवस

घरातला शांत कोपरा निवडा, जिथून सारखी येजा नाही आणि वॉशिंग मशीन, मिक्सरचा आवाज नाही. तिथे अंथरूण, पाणी, आणि जिथून आणलं तिथलं एखादं फडकं मिळालं तर तेही ठेवा, कारण आई-भावंडांचा वास असला की पिल्लू लवकर निवतं. पाहुणे आठवडाभर नकोत, बघायला येतो म्हणणाऱ्यांना सरळ नाही सांगा.

तुम्ही काय करायचं, तर जमिनीवर त्याच्याकडे बाजू करून बसायचं आणि काही करायचं नाही. थोडा खाऊ जवळ टाका, बोलावू नका, टक लावून बघू नका. आमची पिल्लू पहिले दोन दिवस सोफ्याखालून बाहेरच आली नाही, तिसऱ्या दिवशी मी तिथेच फरशीवर पुस्तक वाचत बसले होते तर येऊन पायाशी झोपली. ओढून काढलं असतं तर अजून आठवडा गेला असता. पिल्लू आपणहून आलं तरी वरून डोक्यावर हात न्यायचा नाही, छातीपाशी किंवा गळ्याखाली हळूच खाजवायचं.

शी-शूचं वेळापत्रक

साधा अंदाज असा, की पिल्लू जितक्या महिन्यांचं त्यात एक मिळवा, जास्तीत जास्त तितके तास ते रोखू शकतं, म्हणजे 2 महिन्यांचं असेल तर 3 तास. पण ही शेवटची हद्द झाली. जागं असताना दर तासाला न्यायचंच, शिवाय झोपून उठल्या उठल्या, खेळून झाल्यावर, आणि खाल्ल्यावर 5 ते 30 मिनिटांत. जमिनीचा वास घेत गोल फिरायला लागलं की हातातलं काम सोडा आणि न्या.

जागा एकच, रस्ता एकच, शब्दही एकच ठेवा. तिथे पोचलात की गप्प उभे राहा, मोबाईलवर बोलू नका. झालं की तिथल्या तिथे खाऊ द्या, घरात आल्यावर दिलात तर त्याला वाटेल घरात आल्याचा खाऊ मिळाला. आणि शाब्बास हळू आवाजात म्हणा, टाळ्या वाजवल्या की घाबरट पिल्लू दचकतं आणि पुढच्या वेळी तिथे जायलाच बघत नाही. झाल्यावर लगेच आत आणू नका, थोडं फिरवा असं पुष्कळ जण सांगतात, धीट पिल्लासाठी ते बरोबरच आहे, पण ज्याला बाहेरचीच भीती वाटते त्याला घरात परत जाणं हेच मोठं बक्षीस असतं, तेव्हा माझ्या मते खुशाल लगेच आणा. 10 मिनिटांत काहीच केलं नाही तर आत आणून मांडीवर किंवा पट्टा धरून जवळ ठेवा, पंधरा मिनिटांनी परत न्या.

घरात केलंच तर

ओरडू नका, नाक घासू नका, हे अगदी कळकळीने सांगते. त्यातून त्याला जागा चुकली हे कळत नाही, तुमच्यासमोर सू करणं धोक्याचं आहे एवढंच कळतं, मग ते पडद्यामागे जाऊन करतं आणि बाहेर पट्ट्यावर तुमच्यादेखत करतच नाही. गुपचूप पुसा, एन्झाइमवालं, म्हणजे सूचा वास मुळातून घालवणारं क्लीनर वापरा, अमोनियावालं नको, त्याचा वास सूसारखाच येतो.

तुम्ही वाकलात की जागच्या जागी थोडी सू होते, तो प्रकार वेगळा. ती भीतीची आहे, सवयीशी संबंध नाही. घरी आल्यावर पाच मिनिटं त्याच्याकडे लक्षच देऊ नका, मग खाली बसून भेटा.

रात्री तुमच्या पलंगाजवळ झोपवा, एकट्याला दुसऱ्या खोलीत नको. मधे एकदा गजर लावून न्या, दिवे मंद, खेळ नाही. सू कमी व्हावी म्हणून दिवसभर पाणी काढून ठेवायचं नाही.

लसी पूर्ण होईपर्यंत अनोळखी कुत्री फिरतात त्या जमिनीवर सोडू नका, पार्व्होचा, म्हणजे पिल्लांना उलट्या-जुलाब होणाऱ्या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. पण घरात कोंडूनही ठेवू नका, साधारण 3 ते 14 आठवडे हे वय जगाची ओळख होण्याचं असतं, तेव्हा कडेवर घेऊन रोज थोडं बाहेरचं दाखवा, लांबूनच.

सारखी थेंब थेंब सू होतेय, रक्त दिसतंय, जुलाब आहेत किंवा दिवसभर काही खाल्लं नाही, तर सवय लावायचं बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या, एवढी लहान पिल्लं फार लवकर ढासळतात.