किनाऱ्यावरील मृत कासवाचा डीएनए कसा जपावा

वेळास किंवा गुहागरच्या किनाऱ्यावर मृत ऑलिव्ह रिडले कासव दिसल्यास प्रथम वन विभागाला १९२६ या क्रमांकावर कळवावे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार परवानगीविना नमुना घेता येत नाही. २००० साली नामशेष झालेल्या बुकार्डो या रानबकरीचे क्लोन केलेले पिल्लू २००३ मध्ये जन्मले आणि काही मिनिटेच जगले, तेही पेशी आधीच गोठवून ठेवल्या होत्या म्हणून. त्यामुळे प्रजाती नामशेष होण्याआधीच नमुने जपणे मला अत्यंत निकडीचे वाटते. अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली, हातमोजे घालून, निर्जंतुक पात्याने वल्ह्यासारख्या पायाच्या कडेचा वाटाण्याहून लहान तुकडा कापावा आणि ९५ टक्के इथेनॉलमध्ये पूर्ण बुडवावा. फॉर्मलिन कटाक्षाने टाळावे, कारण त्याने डीएनएची हानी होते. तारीख व ठिकाण पेन्सिलीनेच लिहावे. इथेनॉलने शाई पुसली जाते.