त्रैक्य समजावताना या चुका टाळा: जुन्या गोव्यातल्या नव्या गाइडांसाठी

बॉम जेझस बासिलिकेत दर सीझनला दोन-चार नवी गाइड पोरं दिसतात. सेंट झेवियरची शवपेटी, सनावळ्या, मोजमापं सगळं पाठ. मग ग्रुपमधलं कुणीतरी मुख्य वेदीकडे मान वर करून विचारतं, "ते अगदी वरती कोण आहेत हो?" आणि गाडी तिथेच रुतते.

खाली बाळ येशू, त्याच्यावर जेझुइट संघाचा संस्थापक संत इग्नेशियस याचा मोठा पुतळा, त्याची नजर वरच्या तेजोमंडलाकडे, आणि त्याही वर पिता, पुत्र व कबुतराच्या रूपातला पवित्र आत्मा. हेच त्रैक्य. एक देव, तीन व्यक्ती. मी फोंड्याकडचा, घरात दीड दिवसांचा गणपती. ही शिकवण खरी की खोटी हे ठरवणारा मी कोण? पण दुसऱ्याच्या देवाबद्दल सांगायचे पैसे घेतो, तर त्याचं आहे तसं सांगावं इतकं मला कळतं. आता काय चुकतं ते बघू.

"हे म्हणजे आपले ब्रह्मा-विष्णू-महेश"

ही सगळ्यात जुनी चूक, आणि मी ती स्वतः केलेली आहे, तीही मोठ्या आवाजात. धंद्यातलं माझं दुसरंच वर्ष. कोल्हापूरकडची बस, पन्नासेक माणसं, उन्हाने वैतागलेली. मी वेदीकडे हात करून म्हटलं, "हे तीन म्हणजे आपलेच ब्रह्मा, विष्णू, महेश." सगळ्यांचे चेहरे खुलले, दोघांनी हात जोडले. मला वाटलं, जिंकलो. तेवढ्यात एका निवृत्त बाईंनी विचारलं, "मग यातले शंकर कोणते?" हिशोबाने पिता म्हणजे ब्रह्मा, पुत्र म्हणजे विष्णू, म्हणून मी बेधडक कबुतराकडे बोट केलं. "संहार तो करतो?" बाईंनी विचारलं. मी "होय" म्हणून मोकळा.

मागच्या बाकावर गुडघे टेकून एक म्हातारी कॅथलिक बाई जपमाळ ओढत होती. तिने मान वळवली आणि शांतपणे विचारलं, "बाबा, तो पारवो कोणाक मारता रे?"

पन्नास माणसं हसली. म्हातारी हसली नाही. नंतर बाहेर मला गाठून तिने दोन मिनिटांत सगळं सांगितलं. त्यातलं एक वाक्य मी आजही जसंच्या तसं वापरतो: "तीन देव न्हय पुता, एकूच."

त्रिमूर्तीत खाती वाटलेली आहेत: उत्पत्ती, स्थिती, लय. शिवाय प्रत्येकाचं वाहन वेगळं, पत्नी वेगळी, पुराणंही वेगळी. ख्रिस्ती शिकवणीत असं खातेवाटप नाही. जग निर्माण केलं ते एकाच देवाने, म्हणजे तिघांनी मिळून. माणूस होऊन जन्माला आला तो मात्र फक्त पुत्र, आणि तोही एकदाच. त्यामुळे "दशावतारातला एक" हीसुद्धा पळवाट बंद.

जरा शिकलेला गाइड असला की तो दत्तावर येतो. सांखळीच्या दत्तवाडीचा दाखला देतो, एक धड आणि तीन शिरं. कल्पना लबाड आहे, आणि गंमत म्हणजे युरोपातल्या चित्रकारांनाही ती सुचली होती. एका मानेवर तीन तोंडं असलेली त्रैक्याची चित्रं तिकडे बरीच झाली. पोप उर्बान आठवा याने १६२८ मध्ये त्यांना मनाई केली. जे चित्र चर्चने स्वतः नाकारलं, ते तुम्ही बासिलिकेत उभं राहून तोंडाने परत रंगवू नका.

कुणी म्हणेल, मग मराठी माणसाला सांगायचं तरी कसं? मराठीतच सांगायचं, नवं काही नाही त्यात. थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला. त्याचं मराठी ओवीबद्ध क्रिस्तपुराण १६१६ मध्ये राशोलला छापलं गेलं. देवाला तो सरळ "बापा" म्हणून हाक मारतो, आणि स्वर्गाला वैकुंठ म्हणायला कचरत नाही. शब्द उसने घ्या की हवे तितके. अख्खा देव उसना घेऊ नका.

पाणी, बर्फ, वाफ

हा अलीकडचा रोग, मोबाइलवरून आलेला. दहा सेकंदांचा व्हिडिओ बघून पोरगा पाण्याची बाटली उंच करतो. "पदार्थ एक, रूपं तीन!" ऐकायला झकास, पण तेच पाणी एकाच वेळी बर्फही आणि वाफही नसतं. म्हणजे देव आधी पिता होता, मग पुत्र झाला, आता आत्मा झालाय, असा अर्थ निघतो. तिसऱ्या शतकात रोममध्ये साबेलियस याच धर्तीचं शिकवत होता, आणि चर्चने त्याला बहिष्कृत केलं.

जॉर्डन नदीतला प्रसंग सांगा, पुरे होतो. येशू पाण्यात उभा, आत्मा कबुतराच्या रूपाने उतरतोय, आणि "हा माझा प्रिय पुत्र" असा आवाज आकाशातून. तिघंही एकाच वेळी हजर. शिवाय येशू पित्याची प्रार्थना करतो. बर्फ कधी वाफेची प्रार्थना करतो का? अंड्याचं कवच-पांढरं-पिवळं आणि तीन पानांची वनस्पती या उपमांची अडचण उलटी: कवच म्हणजे अख्खं अंडं नव्हे, पण शिकवण म्हणते की पिता पूर्ण देव, पुत्र पूर्ण देव, आत्माही पूर्ण देव.

उपमांमध्ये मला त्यातल्या त्यात बरी वाटते ती बंगालच्या ब्रह्मबांधव उपाध्याय यांची. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी त्यांनी त्रैक्य सच्चिदानंद या शब्दातून मांडलं. मराठी प्रवाशाला ते चटकन पोचतं. पण सत्, चित् आणि आनंद एकमेकांशी बोलत नाहीत आणि हे तिघं बोलतात, तेव्हा तीही जपूनच.

मी स्वतः काय करतो? डायरीच्या मागच्या पानावर त्रिकोण काढतो. तीन टोकांना तीन नावं, मध्ये "देव". टोकापासून मध्याकडे जाणाऱ्या रेघेवर "आहे", टोकांना जोडणाऱ्या रेघांवर "नाही". पिता देव आहे, पुत्र देव आहे, पण पिता हा पुत्र नाही. युरोपात हे चित्र मध्ययुगापासून चालत आलंय, माझा शोध नाही. एवढं दाखवायचं आणि गप्प बसायचं. नव्या पोरांना हे गप्प बसणंच जमत नाही. दोन सेकंद शांतता झाली की ती उपमा शोधायला धावतात.

दुसरी सवय व्याकरणाची. मत्तयच्या शुभवर्तमानात अठ्ठाविसाव्या अध्यायात बाप्तिस्मा द्यायला सांगितलंय तो पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या "नावाने". "नावांनी" नव्हे. मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला हे एक वचन बरोबर टोचतं.

"मुलगा म्हणजे बापानंतरचा"

हे प्रवासी म्हणतात, आणि गाइड मान डोलावतात. चौथ्या शतकातला अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू एरियसही साधारण हेच म्हणत होता: पुत्र नव्हता असा एक काळ होता. त्यावरूनच ३२५ मध्ये निकेयाला, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या इझनिकला, धर्मपरिषद भरली. तिने पुत्र "जन्मलेला, निर्मिलेला नव्हे" आणि पित्याशी एकसत्त्व असं ठरवलं. पुढे भांडण ग्रीकमधल्या एका अक्षरावर आलं: होमोऊसिओस की होमोइऊसिओस, एकसत्त्व की सारख्या सत्त्वाचा. आपल्याकडे वेलांटीवरून वाद झाले तर कुणी हसू नये. तिथे ठरलेल्या श्रद्धेच्या कबुलीत पवित्र आत्म्याचा भाग ३८१ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला विस्ताराने आला. "रोमन बादशहा कॉन्स्टंटाइनने मतदान घेऊन येशूला देव केला" हे वाक्य मात्र माझ्यासमोर बोलू नका. येशूला देव मानून भजणारे लोक त्याच्या कितीतरी आधीपासून होते.

बाकीच्या थोडक्यात

सायबीण, म्हणजे येशूची आई मरिया, तिघांत नाही. म्हापशाची मिलाग्र सायबीण ही शिरगावच्या लईराईची बहीण, असं आपण मानतो, म्हणून जीभ घसरते. पण मरिया ही माणूस आहे.

तेजोमंडलातली आयएचएस ही तीन अक्षरं म्हणजे त्रैक्य नव्हे. ग्रीक लिपीतल्या येशूच्या नावाची ती पहिली तीन अक्षरं.

"बायबलमध्ये त्रैक्य शब्द नाही" हे खरं आहे. त्यासाठी लॅटिन शब्द रुळवला तो तेर्तुलियन या सुरुवातीच्या काळातल्या ख्रिस्ती लेखकाने. शब्द नाही म्हणून कल्पनाही नाही, असं मात्र सांगत सुटू नका.

मडगावचं पुरुमेंताचं फेस्त पवित्र आत्म्याचं आहे. पावसाळ्याची बेगमी करताना, सुकी मासळी आणि मिरच्यांच्या भावात, ते कुणाच्या लक्षात राहत नाही. ईस्टरपासून पन्नासाव्या दिवशी पेंटेकॉस्ट, म्हणजे पवित्र आत्मा उतरल्याचा सण, आणि त्याच्या पुढचा रविवार त्रैक्याचा. तो सण सगळ्या चर्चला लागू केला पोप जॉन बावीसावा याने, १३३४ मध्ये.

आणि संत ऑगस्टिनची गोष्ट. किनाऱ्यावर एक पोर शिंपल्याने समुद्र वाळूतल्या खड्ड्यात भरतंय, ऑगस्टिन हसतो, तेव्हा पोर म्हणतं, तुझ्या डोक्यात त्रैक्य मावण्याआधी माझं काम होईल. जरूर सांगा, पण दंतकथा म्हणून सांगा. एका बहाद्दराने ती मिरामारला घडल्याचं सांगितलं होतं, आणि बसमधली चार माणसं उतरल्यावर खड्डा शोधत होती.