मोडलेलं भारूड मंडळ पुन्हा बसवताना

आमचं पंचवटीतलं भारूड मंडळ १९ वर्षांनी पुन्हा बसलं. पहिल्याच तालमीला पेटीवाल्याने जुन्या सवयीने काळी चारची उंच पट्टी, म्हणजे गाण्याचा मूळ सूर, धरली. दुसऱ्या कडव्याला म्होरक्या, म्हणजे मुख्य गाणारे, अण्णांचा आवाज फुटला. चहाला म्हणून उठले ते घरीच गेले.

तेव्हा आधी पट्टी ठरवा. म्होरक्याला एकट्यालाच पेटीजवळ बसवा, टाळ-पखवाज नकोत. वरचा सा न ओढता लागेल तिथे थांबा. आम्ही काळी दोनवर आलो. अण्णांना कमीपणा वाटला, पण ऐकणाऱ्याला पट्टी कुठे कळते?

पट्टी उतरली की पखवाज अडतो. वाद्यांखालचे लाकडी गठ्ठे ठोकून थोडाफार सूर हलतो. त्याहून खाली आणला तर पुडी, म्हणजे तोंडावरचं कातडं, सैल पडते आणि बोल बसका येतो. मोठ्या तोंडाचा पखवाज शोधावा लागतो. माझा माळ्यावर होता, वादी (पुडी ताणणारी चामडी दोरी) उंदरांनी कुरतडलेली. दुरुस्तीला वेळ लागतो, म्हणून हे काम पहिलं काढा. धुमाला, म्हणजे पखवाजाच्या डाव्या तोंडाला, कणीक मऊ मळून थोडी थोडी लावायची, 'धा' घुमेपर्यंत. वाजवून झालं की लगेच खरवडायची. मी एकदा विसरलो. सकाळी वाळून दगड झाली होती, काढताना पुडीचं कातडं सोललं.

शब्दांचं बघाल तर प्रत्येकाचा पाठ वेगळा निघतो. वाद घालू नका, ज्याची वही शाबूत त्याचा पाठ धरा.

आता नाजूक गोष्ट. आमचं फुटलं ते बिदागीच्या ४०० रुपयांवरून. असली भांडणं तालमीत काढली की टाळकरी दोन बाजूंना वाटले जातात. मी पेटीवाल्याला संध्याकाळी रामकुंडावर नेलं, भेळ घेतली, म्हटलं, "बाबा, त्या पैशांचं काय ते सांगून टाक." तो म्हणाला, "मला तर वाटलं तूच घेतलेस." अण्णांनाही विचारलं. ते पैसे गेले कुठे, कोणालाच आठवेना. मग सगळेच हसलो.

तारीख मात्र ठरवाच, नाहीतर तालमी चहावरच संपतात. आम्ही त्र्यंबकेश्वरची निवृत्तिनाथांची यात्रा धरली, पौष वद्य एकादशी. पूर्वी पायी जायचो, यंदा एसटीने गेलो. तीनच भारुडं बसवली होती. तिसऱ्याला सोंगाचं लुगडं सुटलं, आणि अण्णांनी तेवढ्यात एक कडवं जास्तीचं घेतलं. ते वहीत नव्हतं.