स्टार फ्री एजंट तुमच्या संघाकडे पाठ का फिरवतात? निक्सने केलेल्या या चुका टाळा

न्यू जर्सीतल्या एडिसनहून ट्रेन पकडली की तासाभरात पेन स्टेशन येतं आणि जिना चढून वर आलं की मॅडिसन स्क्वेअर गार्डन. एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगमधल्या न्यूयॉर्क निक्स संघाचं घर. एवढं मोठं शहर, पैशाला कमी नाही, चाहते असे की संघ हरत असतानाही गार्डन भरलेलं. तरीही २०१० पासून पुढची दहा-बारा वर्षं करार संपवून मोकळे झालेले मोठे खेळाडू, म्हणजे फ्री एजंट, या दारावरून पुढे निघून गेले. एक अमारे स्टाउडमायर आला, त्याचं पुढे काय झालं ते सांगतोच. ज्यांचा संघ दर जुलैत फ्री एजंटांच्या बाजारातून रिकाम्या हाताने परत येतो, त्यांनी निक्सची ही वर्षं नीट बघावीत. हा आजार ओळखता येतो आणि बराही होतो.

चूक १: कॅपमध्ये जागा झाली की काम झालं असं समजणं

ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून आधी नियम समजून घ्या. एनबीएमध्ये सॅलरी कॅप असते, म्हणजे संघाच्या एकूण पगारावरची मर्यादा. बाहेरच्या खेळाडूला मोठा पगार द्यायचा तर कॅपखाली तेवढी जागा हवी. पण एकेका खेळाडूच्या पगारालाही वरची मर्यादा आहे. खेळाडू लीगमध्ये किती वर्षं आहे त्यावरून ती कॅपच्या २५, ३० किंवा ३५ टक्के ठरते. म्हणजे जागा असलेला कुठलाही संघ स्टारला साधारण तेवढीच रक्कम देऊ शकतो. उलट त्याचा जुना संघ पाचवं वर्ष आणि जास्त वाढ देऊ शकतो. जागा केल्याने तुम्ही फक्त रांगेत उभे राहता. पुढे नंबर लागतो तो दुसऱ्याच गोष्टींवर: संघात आधीपासून कोण आहे, कोच कोण, डॉक्टर कसे, मालक कसा वागतो.

निक्सने २००८ च्या नोव्हेंबरमध्ये एकाच दिवशी जमाल क्रॉफर्ड आणि झॅक रँडॉल्फ या दोघांना दुसऱ्या संघांकडे पाठवलं, २०१० च्या उन्हाळ्यासाठी जागा व्हावी म्हणून. पुढचे दोन हंगाम तेव्हा मोकळा होणाऱ्या लेब्रॉन जेम्सच्या वाटेकडे डोळे लावून काढले. ८ जुलै २०१० ला लेब्रॉनने टीव्हीवर मायामीचं नाव घेतलं. तिथे ड्वेन वेड आधीच होता, २००६ चं विजेतेपद होतं, वरती अध्यक्ष पॅट रायली होता. निक्सकडे दाखवायला होती ती रिकामी जागा.

नऊ वर्षांनी पुन्हा तेच. ३१ जानेवारी २०१९ ला आपलाच तरुण स्टार क्रिस्टॅप्स पोर्झिंगिसला डॅलसला देऊन दोन मॅक्स करारांची, म्हणजे कमाल पगाराच्या करारांची, जागा केली. माझ्या मुलाने त्याची ६ नंबरची जर्सी त्याआधीच्या दिवाळीत मागून घेतली होती. तो विचारत राहिला, "बाबा, मग आता आपल्याकडे कोण आहे?" त्या हंगामात संघ १७ सामने जिंकला आणि ६५ हरला. त्याच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आणि मला वाटतं त्या उन्हाळ्यात मोकळा होणाऱ्या केव्हिन ड्युरँटलाही नेमका हाच प्रश्न पडला असणार.

उपाय: जागा करण्याआधी एक कागद घ्या आणि येणाऱ्या स्टारसोबत पहिल्या दिवशी मैदानात उतरणारे बाकीचे चौघे लिहून काढा. चार नावं लिहिता येत नसतील तर त्या उन्हाळ्यात जागा करू नका.

चूक २: बाजारात तुरी असताना बोलून बसणं

मार्च २०१९ मध्ये मालक जेम्स डोलन यांनी रेडिओवर सांगितलं की कानावर येतंय त्यावरून यंदाचा उन्हाळा आपल्याला फार चांगला जाणार. ३० जूनला, रविवारी, ड्युरँट आणि दुसरा स्टार कायरी अर्व्हिंग दोघंही ब्रुकलिन नेट्सकडे गेले. नदीपलीकडे. त्याच संध्याकाळी निक्सला चाहत्यांची निराशा समजते असं निवेदन काढावं लागलं. अजून करार न केलेल्या माणसाबद्दल काहीही बोलू नये, सूचकसुद्धा नाही.

चूक ३: घरातल्या माणसाला दुखावणं

यावर मी जास्त वेळ घेणार आहे, कारण बाहेरून ही चूक दिसत नाही आणि नुकसान सर्वांत जास्त हिचंच. खेळाडू एकमेकांशी बोलतात. उन्हाळ्यात एकाच जिममध्ये सराव करतात, त्यांचे एजंट तेच असतात. तुम्ही एकाशी जसे वागता ते वर्षभरात सगळ्या लीगला कळतं.

८ फेब्रुवारी २०१७ ला निक्सचा जुना खेळाडू चार्ल्स ओकलीला गार्डनमधून सुरक्षारक्षकांनी धरून बाहेर काढलं, त्याला अटक झाली. दहा हंगाम या संघासाठी अंग झिजवलेला माणूस. वाद कुणी सुरू केला यावर दोन्ही बाजू आजही वेगवेगळं सांगतात. पण ते दृश्य लीगमधल्या प्रत्येकाने पाहिलं आणि कित्येक खेळाडू उघडपणे ओकलीच्या बाजूने उभे राहिले. दोनच महिन्यांनी अध्यक्ष फिल जॅक्सन पत्रकारांसमोर म्हणाले की संघाचा स्टार कार्मेलो अँथनीने दुसरीकडे गेलेलं बरं. तीन वर्षांपूर्वी त्याच कार्मेलोला त्यांनीच ५ वर्षांचा करार दिला होता आणि त्याच्या संमतीशिवाय ट्रेड करणार नाही, म्हणजे दुसऱ्या संघाला देणार नाही, असं कलमही घातलं होतं. त्याच वसंतात पोर्झिंगिस व्यवस्थापनासोबतच्या हंगामअखेरच्या भेटीला गेलाच नाही.

एका गोष्टीने मला फार वाईट वाटलं. पोर्झिंगिसच्या बदल्यात आलेल्यांत डीअँड्रे जॉर्डन होता. ड्युरँटचा जवळचा मित्र, तेव्हा चाहत्यांना वाटलं हा दुवा होईल. दुवा तो झालाच, पण ड्युरँटबरोबर तोही ब्रुकलिनला गेला. निक्सच्या लॉकर रूममध्ये काही महिने काढलेल्या माणसाने काय ठरवलं, हे त्यातून दिसलं.

उपाय: खेळाडू जाणार असेल तर त्याला मानाने जाऊ द्या, पत्रकारांकरवी निरोप पाठवू नका. आणि जुन्या खेळाडूंसाठी दार उघडं ठेवा.

चूक ४: मोठा सुटला म्हणून तेच पैसे दुसऱ्याला देणं

लेब्रॉन नाही तर स्टाउडमायर: ५ वर्षं, जवळजवळ १० कोटी डॉलर, आणि गुडघे असे की त्यांचा विमाही उतरवता आला नाही. पहिले काही महिने त्याने गार्डन दणाणून सोडलं हे कबूल करायलाच हवं. मग शरीराने साथ सोडली. २०१६ मध्ये जोकिम नोआ, वय ३१, दुखापतीतून उठलेला: ४ वर्षं, ७ कोटी २० लाख. निक्ससाठी तो एकूण ५३ सामने खेळला. त्याला सोडल्यावरही त्याच्या पगाराचा हिस्सा २०२२ पर्यंत कॅपवर बसून राहिला.

२०१९ मध्ये मात्र हे त्यांनी टाळलं, आणि त्याबद्दल त्यांना फारसं श्रेय मिळालं नाही. ड्युरँट हुकल्यावर घेतलेल्यांचे करार छोटे ठेवले. त्यातलाच ज्युलियस रँडल २०२१ मध्ये ऑल-स्टार झाला, म्हणजे लीगमधल्या निवडक सर्वोत्तम खेळाडूंत आला.

चूक ५: उतावीळपणे दाम मोजणं

कार्मेलो २०११ च्या उन्हाळ्यात मोकळा होणार होता आणि त्याला न्यूयॉर्कलाच यायचं होतं. लॉकआउटच्या (मालकांनी लीग बंद ठेवण्याच्या) धास्तीने त्याला आधीच करार हवा होता, नेट्सही मागे लागले होते, हे खरं. पण निक्सने फेब्रुवारीतच गॅलिनारी, चँडलर, फेल्टन, मॉझगॉव्ह हे खेळाडू आणि वर ड्राफ्टचे (नवे खेळाडू निवडण्याचे) हक्क डेन्व्हरला देऊन टाकले. कार्मेलो आला तेव्हा त्याच्यासोबत खेळायला पुरेसं कुणी उरलं नाही. ड्राफ्टमधल्या अदलाबदलीच्या हक्कातून २०१६ मध्ये डेन्व्हरला जमाल मरे मिळाला, आणि २०२३ मध्ये तो तिथे विजेता झाला.

मग नेट्सनी काय वेगळं केलं?

२०१६ मध्ये जनरल मॅनेजर म्हणून शॉन मार्क्स आले तेव्हा नेट्सकडे स्वतःचे ड्राफ्टचे हक्कसुद्धा नव्हते, ते बॉस्टनला गेलेले. त्यांनी टाकून दिलेले तरुण खेळाडू उचलले, ब्रुकलिनमध्येच नवं सराव केंद्र होतं, कोच केनी ॲटकिन्सन एकेका खेळाडूवर मेहनत घेणारा. एका हंगामात २० विजय, पुढच्यात २८, मग ४२. शहर दोघांचं एकच होतं, म्हणून "न्यूयॉर्कचं दडपण कुणाला नको" हे कारण टिकत नाही.

एवढं मात्र लक्षात ठेवा की स्टार येणं हा शेवट नव्हे. फेब्रुवारी २०२३ पर्यंत ड्युरँट आणि अर्व्हिंग दोघंही ब्रुकलिन सोडून गेले, प्लेऑफची (हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांची) एकच फेरी जिंकून.

चूक ६: फक्त मोठी नावं शोधणं

आता मोठे खेळाडू बाजारात यायच्या आधीच आपल्या संघाशी करार वाढवतात आणि नंतर हवं तर ट्रेड मागतात. जुलैची वाट बघत बसलात तर हाती फार थोडं लागतं. उरतात ते जुन्या संघाने कमी लेखलेले खेळाडू.

२०२० मध्ये लिऑन रोझ निक्सचे अध्यक्ष झाले. ते स्वतः अनेक वर्षं खेळाडूंचे एजंट होते. आल्यावर त्यांनी माध्यमांसमोर बोलणं जवळपास बंदच केलं. पहिल्याच हंगामात कोच टॉम थिबडोच्या हाताखाली संघाने ४१ सामने जिंकले आणि ३१ हरले. २०२२ मध्ये डॅलसचा जेलन ब्रन्सन आला: ड्राफ्टमध्ये ३३ वा, उंचीने लहान, ऑल-स्टार कधीच नाही. ४ वर्षं, १० कोटी ४० लाख. तेव्हा ते महाग वाटलं होतं, मलाही. त्याचे वडील रिक १९९९ ची फायनल गाठलेल्या निक्समध्ये होते, रोझ यांचे जुने अशील होते, आणि त्याच उन्हाळ्यात सहायक कोच म्हणून रुजू झाले. वाटाघाटी वेळेआधी सुरू केल्याबद्दल लीगने निक्सचा २०२५ चा ड्राफ्टमधला दुसऱ्या फेरीचा हक्क काढून घेतला. ओळख जपा, पण तारीखही पाळा.

पुढच्याच वर्षी ब्रन्सनचे व्हिलानोव्हा कॉलेजमधले सोबती येऊ लागले, जॉश हार्ट ट्रेडमधून आणि डाँटे डिव्हिन्चेंझो फ्री एजंट म्हणून. २०२४ च्या जुलैमध्ये ब्रन्सनने ४ वर्षांसाठी १५ कोटी ६५ लाखांवर सही केली. वर्षभर थांबला असता तर ५ वर्षांचे सुमारे २७ कोटी मिळू शकले असते. त्याने सोडलेल्या पैशांमुळे मिकाल ब्रिजेस आणि कार्ल-अँथनी टाउन्स यांचे पगार त्याच संघात बसवणं सोपं झालं, आणि २०२५ च्या मे महिन्यात निक्स २५ वर्षांनी ईस्टर्न कॉन्फरन्सच्या, म्हणजे लीगच्या पूर्वेकडच्या अर्ध्या भागाच्या, फायनलमध्ये खेळले. त्या दिवसांत ट्रेनमध्ये निम्मा डबा ब्रन्सनच्या ११ नंबरच्या जर्सीत असायचा, त्यात माझा मुलगाही.